घरी मराठी, गल्लीत इंग्लिश, शाळेत फ्रेंच: इमर्शनला घालावं का?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. आम्ही कॅनडात टोरंटोजवळ मिसिसागाला राहतो, लेक आत्ता सीनिअर केजीत आहे, पुढच्या वर्षी पहिली. पीलच्या म्हणजे इथल्या शाळांच्या बोर्डात फ्रेंच इमर्शन (बाकीचे विषयही फ्रेंचमधूनच शिकायचे) पहिलीपासून असतं आणि अर्ज जास्त आले की लॉटरी काढतात, तर फॉर्म भरायचा की नाही यावर आमच्याकडे रोज रात्री जेवताना चर्चासत्र भरतं. नवरा म्हणतो भरून टाक, पुढे सरकारी नोकरीत कामी येतं. सासूबाई नाशिकहून आल्यात, त्या म्हणतात एवढ्याशा पोरीच्या डोक्यात तीन भाषा कोंबल्या तर एकही धड येणार नाही. माझी भीती निराळीच, आम्हा दोघांना बाँझूरच्या पुढे फ्रेंच येत नाही, मग अभ्यास कोण घेणार?
आमच्या ओळखीत एका घरातली दोन मुलं इमर्शनला होती. मोठा फडाफडा बोलतो, धाकटीला चौथीत काढून इंग्लिशला टाकावं लागलं. शाळा तीच, आईबाप तेच. मग कुठल्या मुलाला भाषा येते आणि कुठल्याला नाही हे नक्की ठरतं कशावर? बोर्डाच्या माहिती-संध्येला जे सांगतात ते ऐकून झालंय, तिथे सगळं गुलाबीच असतं. ज्यांची मुलं त्यातून गेलीत किंवा जे स्वतः शिकवतात त्यांनी लिहा प्लीज.

तिरकसराव
मराठी माणूस इंग्लिश मीडियमची लॉटरी *न* लागावी म्हणून देव पाण्यात घालून बसलाय, हे बघायला परदेशातच जावं लागतं. हलकेच घ्या.

कॅलगरीची मादाम
मी इमर्शनला तिसरी शिकवते. मूळची पुण्याची, फ्रेंच रानडे इन्स्टिट्यूटला शिकले, म्हणजे माझी स्वतःचीही ती तिसरी-चौथी भाषाच. मुलं आम्हाला नावाने नाही, मादाम म्हणूनच हाक मारतात, म्हणून हा आयडी.
आधी एक गैरसमज. इमर्शन म्हणजे फ्रेंच लोकांची शाळा नाही. वर्गातल्या जवळपास सगळ्या मुलांच्या घरी फ्रेंच नसतं, आणि ते धरूनच सगळं आखलेलं असतं. सुरुवातीला मुलं माझ्याशी बिनधास्त इंग्लिशमध्ये बोलतात, मी फ्रेंचमध्ये उत्तर देते, हातवारे, चित्रं, नाटकं, सगळं करते. पहिलं आख्खं वाक्य प्रत्येकाला येतं ते "पुइझ आले ओ त्वालेत?" कारण त्याशिवाय बाथरूमला सोडत नाही. गरज असली की भाषा येते याचा याहून मोठा पुरावा मी तरी पाहिला नाही. :)
अभ्यासाचं म्हणशील तर आईबापांना फ्रेंच येत नाही हे गृहीतच असतं. दर आठवड्याला दिक्ते असते (शब्दांचं श्रुतलेखन), ती यादी आणि वाचायचं छोटं पुस्तक घरी येतं, बास.
आता ठरतं कशावर. पहिली गोष्ट तास. तुमच्या ऑन्टारिओत साध्या कोअर फ्रेंचला (फ्रेंच हा नुसता एक विषय) आठवीपर्यंत मिळून ६०० तास, एक्स्टेंडेडला (शिवाय एखादा विषय फ्रेंचमधून) १२६० आणि इमर्शनला ३८००. सहापटीहून जास्त. कोअरवाल्या मुलांना फ्रेंच का येत नाही म्हणून लोक मुलांच्या डोक्याला दोष देतात, अरे पण ६०० तासांत काय येणार? दुसरं म्हणजे त्या तासांत भाषा *शिकत* नाहीत, भाषेतून गणित आणि सायन्स शिकतात, म्हणजे डोकं दुसऱ्याच कामात असतं आणि भाषा मागच्या दाराने येते.

उन्मेष_७८
मादाम +१. थोडा इतिहास टाकतो कारण तुझ्या सासूबाईंचा प्रश्न साठ वर्षं जुना आहे. मॉन्ट्रियलच्या नदीपलीकडे सेंट लॅम्बर्ट नावाचं उपनगर आहे. १९६० च्या दशकात तिथल्या इंग्लिश बोलणाऱ्या आयांना दिसायला लागलं की क्यूबेकचं वारं बदलतंय, पुढे फ्रेंचशिवाय चालणार नाही, आणि शाळेतलं फ्रेंच तर असं की बारा वर्षं शिकून दुकानात दूध मागता येत नाही. बोर्ड दाद देईना. शेवटी १९६५ मध्ये एक प्रयोगाचा बालवर्ग मिळाला, २६ जागा, नावनोंदणी सुरू झाल्यावर पाच मिनिटांत भरल्या. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर यांनी या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. भीती हीच होती, इंग्लिश बिघडेल आणि गणित बुडेल. झालं असं की इंग्लिश वाचनात मुलं सुरुवातीला मागे होती, कारण इंग्लिश शिकवतच नव्हते, पण शिकवायला लागल्यावर थोड्याच काळात बरोबरीला आली. गणित अजिबात बुडालं नाही. फ्रेंच मात्र नेहमीच्या शाळेतल्या मुलांपेक्षा कितीतरी पुढे.
म्हणजे "डोक्यात मावत नाही" हा मुद्दा निकालात काढायला हरकत नाही. पण तिथल्या मुलांची घरची भाषा इंग्लिश होती, जी कुठे पळून जाणार नव्हती. रस्त्यावर, टीव्हीवर, आजीकडे, सगळीकडे तीच. लॅम्बर्टनेच पुढे यात फरक केला, नवी भाषा जुनीत भर घालते की जुनीला खाऊन टाकते. आपल्या मुलांच्या बाबतीत इंग्लिशला धोका शून्य, फ्रेंच शाळा बघून घेईल, गचकणार ती मराठी.

देवरुखकर
सगळं छान छान वाचून बरं वाटलं पण जरा दुसरी बाजू लिहितो. ब्रॅम्प्टनला माझा मुलगा सहावीपर्यंत इमर्शनला होता, मग आम्ही काढला. त्याला फ्रेंच समजतं, सगळं समजतं, हॉकीची मॅच फ्रेंच कॉमेंट्रीत बघतो. पण बोल म्हटलं की तोंड उघडत नाही, आणि उघडलं तर इंग्लिश वाक्याला फ्रेंच शब्दांचे कपडे. एक पूर्ण वर्ष त्यांना कायमची मादामच नव्हती, बदली शिक्षक येऊन जाऊन, त्यातल्या एकाला फ्रेंच माझ्यापेक्षा थोडंच जास्त येत असावं. फ्रेंच शिकवणाऱ्यांची टंचाई देशभर आहे हे बोर्डवालेही मान्य करतात. मग तुमचे ते ३८०० तास कागदावरचे, त्यातले खरे फ्रेंचचे किती?
दुसरं, एवढी वर्षं हे चालवून २०२१ च्या जनगणनेत क्यूबेकबाहेरच्या कॅनडात दोन्ही भाषा बोलू शकणारे किती? ९.५ टक्के. यावर कोणी बोलत नाही.
आणि तिसरं, स्पष्टच बोलतो, बरेच पालक फ्रेंचसाठी घालतच नाहीत, "त्या वर्गात चांगल्या घरची मुलं असतात" म्हणून घालतात. वाचायला अडखळणारी, जास्त मदत लागणारी मुलं एकेक करून इंग्लिशकडे पाठवतात आणि मग उरलेल्यांचे निकाल चांगले म्हणून टाळ्या.

कॅलगरीची मादाम
देवरुखकर, तुमच्या मुलाचं जे झालं ते मी दरवर्षी बघते, आणि त्यात मुलाचा दोष नाही. ऐकणं-वाचणं फ्रेंच मुलांच्या जवळपास, बोलणं-लिहिणं मात्र लंगडं, हे इमर्शनचं जुनंच दुखणं. टोरंटोच्या भाषा-संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये हेच मांडलं की नुसतं कानावर पडून भागत नाही, मुलाला ओढूनताणून का होईना स्वतः वाक्य जुळवायला लागलं पाहिजे, तेव्हा कुठे आपल्याला काय येत नाही हे त्याला कळतं. आमच्या वर्गात बोलते कोण? मीच. मुलं "वी मादाम", "नों मादाम" आणि एकेक शब्द. घंटा झाली, मैदानावर गेली की सगळं इंग्लिशच. त्यांना फ्रेंचमध्ये भांडता येत नाही, चेष्टा करता येत नाही, कारण त्या फ्रेंचची गरजच पडत नाही.
चुकांचं उदाहरण देते. सात वर्षांचं पोर म्हणतं "ज स्वी सेत आँ". फ्रेंचमध्ये वय *असतं*, म्हणजे माझ्यापाशी सात वर्षं आहेत, "जे सेत आँ". हे पोर इंग्लिशवरून उचलतं. मी हसून म्हणते, "आ वी, त्यु आ सेत आँ!" आणि पुढे जाते. त्याला वाटतं मादामला माझं वय ऐकून आनंद झाला. चूक तिथेच. वर्षभर हेच चालतं आणि मग ती चूक इतकी पक्की बसते की आठवीतही निघत नाही.
मॅकगिलचे रॉय लिस्टर आणि त्यांच्या सहकारी लैला रांता यांनी १९९७ मध्ये मॉन्ट्रियलकडच्या इमर्शन वर्गांत बसून हेच मोजलं. शिक्षक चूक दुरुस्त करतात त्यातल्या ५५ टक्के वेळा असंच गुपचूप बरोबर वाक्य म्हणून दाखवतात, आणि मुलं त्यावर काही प्रतिक्रिया देतात ती जेमतेम ३१ टक्के वेळा. उलट मादामने वाक्य अर्धवट सोडून "हं? कसं म्हणायचं?" असं मुलाकडूनच काढून घेतलं की मूल दर वेळी काहीतरी प्रयत्न करतंच. ते वाचल्यापासून मी वर्गात मुद्दाम थांबते. वीस मुलं असताना हे सोपं नाही, अभ्यासक्रम मागे पडतो, पण मुलं बोलतात.

रानजाई
आम्ही ब्रिटिश कोलंबियात. इथे सहावीपासून लेट इमर्शन पण आहे, त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. माझी मोठी मुलगी सहावीत स्वतःच्या हट्टाने गेली, धाकटा केजीपासून आम्ही घातला म्हणून. लोक म्हणतात लहानपणी भाषा लवकर येते, माझा अनुभव बरोबर उलटा, मोठीने एका वर्षात जी मजल मारली ती धाकट्याला तीन वर्षं लागली. तिला लिहिता वाचता येत होतं, व्याकरण म्हणजे काय ते कळत होतं, आणि तिला यायचंच होतं कारण तिची खास मैत्रीण तिथे गेली होती. पहिले दोन-तीन महिने रोज रडून यायची तेही सांगते, सायन्सचा पेपर फ्रेंचमध्ये, काही कळत नाही, नेहमी पहिल्या पाचात असणाऱ्या मुलीला अचानक ढ असल्यासारखं वाटायला लागलं होतं. पण उच्चार मात्र धाकट्याचेच चांगले, ती "र" अजूनही आपल्यासारखाच म्हणते.

उन्मेष_७८
रानजाई, तुमचा अनुभव अभ्यासांशी जुळतो. मोठी मुलं सुरुवातीला भराभर शिकतात आणि बऱ्याच चाचण्यांत लहानपणापासूनच्या मुलांच्या जवळ येतात. लवकर सुरू करण्याचा फायदा मुख्यतः उच्चार, न लाजता बोलणं आणि एकूण तास जास्त मिळणं. न्यू ब्रन्सविक सरकारने तर सुरुवात पहिलीवरून तिसरीवर नेली आणि २०१७ मध्ये परत पहिलीवर आणली, म्हणजे सरकारलाही ठरवता येत नाहीये.
आणि तो "यायचंच होतं" मुद्दा हलका नाही. मानसशास्त्रज्ञ गार्डनर आणि वर आलेले तेच लॅम्बर्ट यांनी १९५९ मध्येच मॉन्ट्रियलच्या हायस्कूलच्या मुलांवर दाखवलं होतं की भाषेची उपजत हातोटी ही एक गोष्ट आणि त्या लोकांत मिसळावंसं वाटणं ही दुसरी, आणि दोन्हींचा वेगवेगळा परिणाम दिसतो.
हुशारीचं काय असं कोणी विचारण्याआधी: इमर्शनवर संशोधन करणारे फ्रेड जेनेसी यांचं काम आहे, बुद्ध्यांकाचा संबंध फ्रेंच वाचन-लेखनाशी दिसतो, पण ऐकण्या-बोलण्याशी तसा दिसत नाही. अभ्यासात मध्यम असलेलं पोरही बोलायला तेवढंच शिकतं. देवरुखकर, तुमचा तिसरा मुद्दा इथे बसतो. अडखळणारं मूल इंग्लिशमध्येही अडखळतंच, फक्त तिकडे मदतनीस शिक्षक मिळतो आणि इमर्शनमध्ये बहुतेकदा मिळत नाही. मग "याला झेपत नाही" म्हणून काढतात. सांजवेळ, तुमच्या ओळखीतल्या धाकटीचं काय झालं ते मला माहीत नाही, पण भाषा झेपली नाही की मदत मिळाली नाही हे एकदा विचारून बघा.

मॉन्ट्रियलची माई
इमर्शन निवडायचं की नाही यावर चर्चा करायला मिळते हीच तुमची चैन. इथे क्यूबेकमध्ये १९७७ च्या बिल १०१ या भाषेच्या कायद्यापासून आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या मुलांना फ्रेंच शाळाच. माझा मुलगा आला तेव्हा आठ वर्षांचा, आधी नवागतांच्या वर्गात, क्लास दाकेय म्हणतात त्याला, मग नेहमीच्या. मैदानावर फ्रेंच, बसमध्ये फ्रेंच, वाढदिवसाला फ्रेंच. सुरुवातीला कित्येक महिने शाळेत गप्पच होता, मादामने बोलावून विचारलं घरी तरी बोलतो का. घरी तर बोलून बोलून डोकं खायचा! नंतर एके दिवशी फोनवर मित्राशी भांडताना ऐकला, फ्रेंचमध्ये, शिव्यांसकट. मला निम्म्या कळल्या नाहीत तेच बरं.
तेव्हा देवरुखकरांच्या मुलात आणि माझ्यात फरक डोक्याचा नाही, मैदानाचा आहे. पण फुकट काही मिळत नाही. तुमच्या इमर्शनच्या वर्गात सगळी मुलं सारखीच अडाणी असतात, कोणी कोणाला हसत नाही. माझा पोरगा एकटा अडाणी होता.

तिरकसराव
आता माझा सीरियस प्रतिसाद (वर्षातून एक). हे वाचताना आमच्या तालुक्याच्या गावातल्या इंग्लिश मीडियमची आठवण येतेय. घरी इंग्लिश नाही, बाईंना इंग्लिश बेताचं, पुस्तकं इंग्लिश, आणि बाई धडा मराठीतच समजावून सांगतात आणि उत्तरं इंग्लिशमध्ये पाठ करून घेतात. कॅनडावाल्यांना शिक्षक दोन्ही भाषा जाणणारा, सुरुवातीला मुलाला स्वतःच्या भाषेत बोलायची मुभा, घरच्या भाषेचा तास तिसरी-चौथीपासून परत. आमच्याकडे मराठीत बोललं की दंड. याला इमर्शन म्हणत नाहीत, याला बुडवणं म्हणतात.

चकलीभाजणी
तिरकसराव, सेमी इंग्लिशचं काय मग? माझे दोन्ही भाचे सेमीवाले, गणित-विज्ञान इंग्लिशमधून बाकी मराठी, दोघांचंही दोन्ही उत्तम आहे.

तिरकसराव
सेमीला माझा विरोध नाहीच, मराठी वाचन पक्कं झाल्यावर इंग्लिश चढवलं तर टिकतं. पण तो वेगळा धागा काढा, इथे विषयांतर नको.

उन्मेष_७८
नाही नाही, हे अवांतर नाहीये, मला जे लिहायचं होतं ते इथूनच निघतं. स्वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास टोरंटोत एक काम केलं. पाचवीपासून फ्रेंच-इंग्लिश दुभाषी वर्गात असलेली आठवीची मुलं, त्यातली बरीच घरी तिसरीच भाषा बोलणारी, म्हणजे थेट आपली मुलं. ज्यांना घरची ती भाषा *लिहिता-वाचता* येत होती त्यांचं फ्रेंच बाकीच्यांपेक्षा सरस निघालं, आणि घरची भाषा नुसती बोलणाऱ्यांपेक्षाही सरस. नुसतं "जेवलास का, बूट काढ" एवढ्यावर तो फायदा दिसला नाही.
टोरंटोचे भाषा-संशोधक जिम कमिन्स हे कधीपासून सांगतायत. वाचून अर्थ लावणं, गोष्टीचा पुढचा अंदाज बांधणं, हे एका भाषेत जमलं की दुसरीत नव्याने शिकावं लागत नाही. तेव्हा सांजवेळ, माझ्या मते तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट फ्रेंचचा अभ्यास घेणं ही नाही, मराठी वाचायला शिकवणं ही आहे. सासूबाई घरात आहेत तोवर बाराखडी उरकून घ्या.

कॅलगरीची मादाम
अगदी. आणि यात एक छोटी गंमत. आपल्या मुलांना तो खांब, ती भिंत, ते दार हे अंगवळणी असतं, त्यामुळे फ्रेंचमध्ये टेबल बाई आणि पुस्तक बुवा का हे ती विचारत बसत नाहीत. कुठला शब्द कोण हे पाठ करावंच लागतं, पण "असं का?" यात वेळ जात नाही. तसंच मोठ्यांना "त्यु" (तू) नाही, "व्हू" (तुम्ही) म्हणायचं. इमर्शनची मुलं मुख्याध्यापकांनाही सर्रास "त्यु" म्हणतात, माझ्या वर्गातली एक मराठी मुलगी मात्र पहिल्यापासून मला "व्हू" म्हणते, आणि स्वतःच्या आईला तू. आजोबांना अहोजाहो करून सवय.

देवरुखकर
हे पटलं. आमच्याकडे उलटं झालं होतं खरं, पहिलीत शाळेतून कोणीतरी सुचवलं की घरी इंग्लिश वाढवा म्हणजे त्याला बरं पडेल, आणि आम्ही मराठी जवळजवळ बंद केली. पण माझा शिक्षकांचा मुद्दा तसाच उभा आहे. सांजवेळ, फॉर्म भरायच्या आधी जी शाळा मिळणार तिथे जाऊन विचारा, गेल्या दोन वर्षांत किती मादाम बदलल्या, वाचनाला मदत लागली तर फ्रेंचमधून मिळते का, आणि आठवीपर्यंत किती मुलं टिकतात. आकडा सांगायला टाळाटाळ केली तर समजा. शिवाय शाळा दुसऱ्या एरियात येऊ शकते, बसचा स्टॉप कुठे येतो ते बघा, जानेवारीत उणे वीसमध्ये सहा वर्षांचं पोर घेऊन उभं राहणाऱ्याला कळतं.

सांजवेळ
एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. मॉन्ट्रियलच्या माईंचं "मैदान" डोक्यात बसलंय. फॉर्म भरतोय, लागली तर लागली. त्या धाकटीच्या आईशी बोलले, खरंच तिला वाचनाचा प्रॉब्लेम होता आणि शाळेने सांगितलं मदत फक्त इंग्लिश साईडला आहे. मादाम, एकच प्रश्न, आमच्याकडे मैदान नाही मग बोलण्यासाठी घरी काय करू? कार्टून लावू का फ्रेंच?

कॅलगरीची मादाम
लाव ना, तुमच्याकडे टीएफओ हे ऑन्टारिओचं फ्रेंच चॅनेल आहे, फुकट आणि चांगलं. पण तो परत कानच झाला. बोलायला लावायचं तर तिला तुझी मादाम कर. रोज दहा मिनिटं ती तुला शिकवेल, तू मुद्दाम चुकीचं म्हण, तिला दुरुस्त करू दे, मुलांना याची भयंकर मजा येते. शाळेतलं पुस्तक फ्रेंचमध्ये मोठ्याने वाचायला लाव आणि गोष्ट मराठीत सांगायला लाव, तुला फ्रेंच येत नाही हे इथे उलट सोयीचं, तिला खरंच सांगावं लागतं. उन्हाळ्यात फ्रेंच डे कॅम्प मिळाला तर बघ, तिथे खेळ फ्रेंचमध्ये होतात. आणि तिचे उच्चार तू सुधारायला जाऊ नकोस, कृपया. :)

रानजाई
कॅम्पची नोंदणी लवकर करा, आमच्याकडे मार्चमध्येच फुल्ल होतात.